मिटता मिटेना

कळसूबाई चढायला निघालेल्या माणसाची खरी परीक्षा पहिल्या लोखंडी शिडीच्या पायथ्याशी होते. बारी गावातून निघाल्यापासून त्याच्या हातात ट्रेकिंग पोल असतो. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, वर रबरी मूठ, मनगटात अडकवायला पट्टा. गावातली पोरं आणि कुत्री त्या काठीकडे वळून बघतात, त्यामुळे तो ती गरजेपेक्षा जरा जास्तच टेकवत चालतो. पण महाराष्ट्रातल्या या सर्वांत उंच, १६४६ मीटरच्या शिखराच्या वाटेवर शिड्या आहेत, शिड्यांना कठडे आहेत आणि कठडे धरायला माणसाला हात दोनच दिलेले आहेत. म्हणजे काठी मिटून पाठीवरच्या पिशवीत गेली पाहिजे. इथे मोहीम थांबते. "मीट ना ती." "मिटतोय." "उलटी पीळ." "उलटीच पिळतोय." "मग सुलटी पीळ." "मघाशी सुलटीच पिळत होतो, तेव्हा तूच उलटी म्हणालास." एक जण काठी गुडघ्यांत आवळून धरतो, दुसरा दात लावून बघू का असं विचारतो, तिसरा मोबाइलवर उपाय शोधायला जातो आणि रेंज नसल्याचं जाहीर करतो. मागे रांग वाढत जाते. रांगेच्या शेवटी डोक्यावर ताकाची कळशी घेतलेल्या एक मावशी येऊन ठेपतात. त्यांच्या हातात काठी नाही, पायात साधी चप्पल आहे. "सरका रे बाळांनो," म्हणून त्या मधूनच वाट काढतात आणि शिडी चढून जातात. तासाभराने तीच मंडळी वर पोचून त्याच मावशींकडचं ताक पितात, बगलेत सव्वा मीटरची काठी तशीच धरून.

अशा वेळी सगळा दोष काठीला दिला जातो. मला हा काठीवरचा अन्याय वाटतो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध उघडलेल्या वस्तूचा एक स्क्रू शिल्लक राहण्यापुरताच आहे, तरीही धाडस करून सांगतो की काठी निर्दोष आहे. माणसाला कुठलीही गोष्ट वाढवता येते, आवरता येत नाही, हा मूळ मुद्दा. सरकती काठी हा त्याचा बाजारात मिळणारा सर्वांत स्वस्त पुरावा. हा पुरावा दुकानातच तयार होतो. शिर्डीच्या रस्त्यावर सेल्फी स्टिक घेणारं गिऱ्हाईक बघा. ते काठी हातात घेतं, ओढतं, 'सर्रर्र' असा आवाज येतो, आणि त्या आवाजावर सौदा पक्का होतो. अजून एकदा ओढून बघतं, ते सोबतच्या मेव्हण्याला दाखवायला. पण मधल्या वेळात काठी मिटली कशी, हे कुणीच पाहिलेलं नसतं, कारण ती विक्रेत्याने बोलता बोलता मिटलेली असते. "मिटायची कशी?" असं विचारणारा एखादा निघालाच तर उत्तर ठरलेलं आहे. "मिटती की आपोआप!" आता मराठी संसारात जे जे आपोआप व्हायचं म्हणून सोडलेलं असतं, त्याचं पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. उघडण्याला प्रेक्षक असतात, ऊन असतं, उत्साह असतो. मिटायची वेळ येते तेव्हा अंधार पडलेला असतो, पाय दुखत असतात, गाडीवाला हॉर्न वाजवत असतो आणि प्रेक्षक आधीच गाडीत जाऊन खिडकीची जागा धरून बसलेले असतात.

काठीच्या पोटात काय चालतं ते एकदा समजून घेऊ, म्हणजे तिची बाजू मांडता येईल. पिळून बंद होणाऱ्या काठीत आतल्या नळीच्या टोकाला एक स्क्रू असतो आणि त्यावर चीर दिलेली प्लास्टिकची बोंडी. नळी पिळली की स्क्रू फिरतो, त्यावरचा निमुळता भाग बोंडीत घुसतो, बोंडी फुगते आणि बाहेरच्या नळीला आतून घट्ट दाबून धरते. थोडक्यात, ही पाचर आहे. पाचर मारण्याची कला आपल्याला नवी नाही. ग्रामपंचायतीपासून भावकीपर्यंत ती सर्वत्र अवगत आहे, आणि मारलेली पाचर काढणं मारण्यापेक्षा अवघड असतं हेही अवगत आहे. काठीला याखेरीज दोन आजार होतात आणि ते एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. बोंडी झिजली किंवा ओली झाली की ती नळीला धरतच नाही. स्क्रूबरोबर नुसती गरगर फिरते, फुगत नाही. माणूस पिळतच राहतो आणि काठी सरकारी उत्तरासारखी गोल गोल फिरत राहते. दुसरा आजार म्हणजे जाम होणं. पावसाचं पाणी आत राहिलं, ॲल्युमिनियमवर पांढुरकी बुरशीसारखी पूड धरली, बारीक माती शिरली, की त्या नळ्या आतल्या आत अशा चिकटतात की वाटावं वाटणीचा दावा कोर्टात आहे. यातला कुठला आजार कधी व्हावा याचाही नियम आहे. उतारावर सगळा भार टाकून टेकलात की पहिला होतो, घरी येऊन मिटायला बसलात की दुसरा.

आता पिळण्याच्या दिशेचा प्रश्न घेऊ. काठी एकट्याला दाद देत नाही म्हटल्यावर दुसरा धावून येतो, आणि मदत आली की काठीचं भवितव्य संपतं. दोघं समोरासमोर उभे राहतात, एकेक टोक धरतात आणि पूर्ण विचारांती ठरवतात, "मी सुलटं पिळतो, तू उलटं पीळ." वरवर पाहता याहून शहाणपणाचा ठराव असू शकत नाही. पण समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांची डावी-उजवी बाजू एकमेकांच्या उलट असते. त्यामुळे एकाचं सुलटं आणि दुसऱ्याचं उलटं ही प्रत्यक्षात एकच दिशा ठरते. दोघं घामाघूम होऊन पिळतात आणि अख्खी काठी रहाटाच्या कण्यासारखी जागच्या जागी फिरते. नळ्या एकमेकींच्या विरुद्ध फिरायच्या असतील तर दोघांनी आपापल्या बाजूने बघून एकाच दिशेला पिळायला हवं. म्हणजे काठी सोडवण्यासाठी मतैक्य लागतं, आणि आपण मतभेद ठरवून, वाटून घेऊन, शिस्तीत पार पाडतो. आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० साली ज्या जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी लोणीला उभा राहिला, त्या कळसूबाईच्याच जिल्ह्यात तरी हे कळायला हरकत नव्हती. पण जिल्ह्याचंच उदाहरण बघा. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा, अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत ओढलेला. २०२४ मध्ये त्याचं अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, बोलताना तो 'नगर'च राहिला. तो सोडवून दोन करावा अशी मागणी कित्येक वर्षांची आहे. विभाजन हवं याला फारसा कुणाचा विरोध नसतो. पण मुख्यालय कुठे, असं विचारलं की संगमनेर एका बाजूने पिळतं, श्रीरामपूर दुसऱ्या बाजूने, शिर्डी तिसऱ्या बाजूने, आणि अख्खा जिल्हा जागच्या जागी फिरतो.

यावर पहिला आक्षेप सुधारणावादी मंडळींचा असतो. ते म्हणतात, पिळायच्या काठ्या जुन्या झाल्या, आता खटक्याच्या आल्यात. बाहेरून एक पट्टी, तिला चिमट्यासारखा खटका, खटका उघडला की नळी मोकळी, मिटला की बंद. पिळणं नाही, दिशा नाही, वाद नाही. ऐकायला गोड आहे. पण त्या खटक्याच्या कुशीत एक चिमुकला स्क्रू असतो, पकड किती घट्ट हे ठरवणारा. तो सैल असला तर खटका लावताना छान 'टक' वाजतो आणि टेकल्याबरोबर काठी वीतभर आत जाते. तो घट्ट असला तर खटका उघडायला नख लावावं लागतं, मग दोन नखं, मग किल्ली, मग दुसऱ्याची किल्ली, कारण आपली वाकलेली असते. दोन्हींच्या मधला जो योग्य ताण, तो असतो जरूर, पण कारखान्यातून निघताना असतो. त्यावर सुधारणावादी बटणाची काठी पुढे करतात. दवाखान्यातल्या वॉकरला आणि कुबड्यांना असतं तसं, भोकातून डोकावणारं स्प्रिंगचं बटण. ही रचना खरोखर भक्कम आहे, म्हणून तर ती मोडक्या पायाच्या माणसाला देतात. फक्त बटण दाबून नळी सरकवली आणि ती जराशी जरी फिरली, की बटण आत आणि भोक दुसरीकडे. मग घरातली मंडळी आळीपाळीने एका डोळ्याने भोकात बघतात. "दिसतंय का?" "काहीतरी चमकतंय." "तेच बटण. थोडं डावीकडे घे." "गेलं." शेवटी आहे दोरीने ओवलेल्या तीन तुकड्यांची काठी. ही मिटते, हे मान्य करायलाच हवं. ती इतकी सहज मिटते की नको तेव्हाही मिटते, आणि मिटलेली हातात धरून माणूस एस.टी.त चढला की आजूबाजूची जागा आपोआप रिकामी होते.

दुसरा आक्षेप किमतीचा. "रस्त्यावरचा माल घेतला की असंच व्हायचं, चांगल्या कंपनीची घ्यावी." हे म्हणणारा माणूस ओळखायला सोपा असतो. त्याची काठी महाग असते आणि तीही जाम असते, फक्त तिच्या पिशवीला चेन असते. शिवाय या वस्तू ज्यांनी शोधल्या ते काही साधे लोक नव्हते. जर्मनीतल्या हान्स हाउप्ट यांना युद्धात झालेल्या जखमेमुळे काठी घेऊन चालावं लागे, त्यात छत्रीही सांभाळायची म्हणजे दोन्ही हात अडकायचे. त्यांनी १९२८ च्या सुमारास खिशात मावणारी, दांडा आत सरकणारी छत्री बाजारात आणली. जपानच्या हिरोशी उएदा यांनी १९८३ मध्ये कॅमेरा टोकाला लावायच्या सरकत्या काठीचं पेटंट मागितलं. लोकांनी ती घेतली नाही, आणि १९९५ मध्ये निरुपयोगी जपानी शोधांच्या एका गमतीदार पुस्तकात कॅमेऱ्याची तसलीच काठी झळकली. पुढे हक्काची मुदत संपली आणि मग साऱ्या जगाने आपापला हात लांब करून घेतला. अमेरिकेत रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये उभ्या बॅगेला चाकं आणि सरकता दांडा लावला. त्या दांड्याची आजची अवस्था कुठल्याही स्टँडवर बघावी. माणूस बॅगेच्या डोक्यावर बुक्क्या मारत असतो आणि बॅग त्याच्याकडे त्रयस्थपणे बघत असते. या सगळ्या थोर डोक्यांचा भर कशावर होता? लांब कसं होईल, हात मोकळा कसा राहील, उंच कसं पोचेल यावर. उलट दिशेचा प्रवास त्यांनी वापरणाऱ्याच्या सद्बुद्धीवर सोडला, आणि तिथेच फसगत झाली. हाउप्टसाहेबांच्या छत्रीचंच बघा. आपल्या जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात ती मिटायची सोय नसते आणि कर्जत-जामखेडला ती उघडायची वेळ येत नाही. पण आपोआप उघडणारी तीन घड्यांची छत्री बंद करताना माणूस दांडा पोटाला लावून जो जोर करतो, तो दोन्हीकडे सारखाच केविलवाणा दिसतो, आणि शेवटच्या बोटभर अंतरावरून ती पुन्हा 'फट्' करून उघडते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्याचा चष्मा दोन्हीकडे सारखाच उडतो.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या अभिमान्यांचा आहे आणि तो नगरात जोरात मांडता येतो. इथे लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रणगाड्याची तोफ झाडली की तिची अवजड नळी झटक्यात मागे सरते, धक्का तेलाच्या दाबात जिरतो आणि नळी पुन्हा बिनबोभाट आपल्या जागेवर येते. टनावारी लोखंड जर असं मुकाट्याने परत येतं, तर पाव किलोच्या काठीला काय धाड भरली? प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तर माझ्या बाजूने आहे. रणगाड्यात आवरणं हा कवायतीचा भाग असतो. तोफ झाडून झाल्यावर कोणी टाळ्या पिटत जेवायला जात नाही. नळी पुसायची, तेल बघायचं, झाकण लावायचं, नोंद करायची, आणि हे सगळं होईपर्यंत मागे एक सुभेदार उभा असतो. आपल्या काठीमागे सुभेदार नसतो. तिच्यासोबत एक चिटोरं असतं, त्यावर चित्र काढून सांगितलेलं असतं की वापरानंतर नळ्या वेगळ्या करून पुसाव्यात, सावलीत वाळवाव्यात, ओल्या अंगाने मिटू नयेत आणि बोंडीला तेल लावू नये, कारण मग ती पकड धरणार नाही. हे चिटोरं आपण काठीच्या आधी हरवतो. मग काठी जाम झाली की पहिलं काय करतो? खोबरेल तेल लावतो. भांडणाला, दाराला, डोक्याला आणि काठीला एकच औषध. परिणाम असा की आज न मिटणारी काठी उद्या थांबतच नाही, आणि आपण म्हणतो, "बघ, आता कशी सरकतेय!"

चौथा आक्षेप आजोबांच्या वयाचा आणि सर्वांत वजनदार. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. काठी म्हणजे काठी." याला उत्तर द्यायला जीभ रेटत नाही, कारण पुरावे त्यांच्याच बाजूने उभे आहेत आणि सरळ उभे आहेत. माघ पौर्णिमेच्या यात्रेला संगमनेरहून होलम राजांची शिखरी काठी जेजुरीला निघते. उंच, सजवलेली, अखंड काठी, माणसं ती पायी घेऊन जातात. 'दुमडून टेम्पोत टाकू' असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही, आणि गडावर पोचल्यावर 'ही उघडत नाही हो' असंही कुणाला म्हणावं लागत नाही. नेवाशाचा पैस खांब घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, तो खांब. टेकल्यावर खांबाने आत जाऊ नये, ही अपेक्षा तेव्हापासून आजवर त्याने पूर्ण केली आहे. राहात्याच्या पेरूच्या बागेत जा, श्रीगोंद्याच्या लिंबाच्या बागेत जा. उंच फांदीवरचं फळ काढायला बांबूच्या टोकाला आकडी असते, झोळी असते, आणि बांबू किती लांब हा प्रश्न बांबूने आधीच सोडवलेला असतो. आजोबांचं सगळं खरं. अडचण फक्त जागेची. ती काठी ठेवायला ओसरी लागते, वळचण लागते, आणि आता घरात वळचण नाही, वन बीएचके आहे. बांबू जिन्यातून वळत नाही आणि लिफ्टमध्ये उभा राहत नाही. एस.टी.त घातला तर पुढचं टोक ड्रायव्हरच्या कानाशी आणि मागचं शेवटच्या बाकावरच्या पाहुण्याच्या टोपीत. त्यामुळे मिटणारी काठी ही थेरं नसून भाडेकरूंची गरज आहे.

मग कुणी म्हणेल, खटकेच नकोत, कुलूपच नको. याचाही प्रयोग याच जिल्ह्यात झालेला आहे. शनिशिंगणापुरात घरांना चौकटी असतात, पण दारं नसतात, हे जगजाहीर आहे. २०११ साली तिथे एका बँकेने कुलपाशिवाय शाखा काढली तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. उघडण्याचा प्रश्न इतक्या मुळापासून दुसऱ्या कुणी सोडवलेला नाही, कारण जे बंदच केलं नाही ते जाम होत नाही. पण तिथे राखायला शनिदेव आहेत. काठीला राखणारं कोणी नाही. तिच्यातून खटका काढून घेतला तर उरतात तीन नळ्या, आणि तीन नळ्यांना टेकून कोणी कळसूबाई उतरत नाही. उतरलाच तर वेगाने उतरतो.

तेव्हा आक्षेप संपले आणि आपण पुन्हा माणसाशी येऊन थांबलो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू घरोघरी बाहेर निघतो. "छतापर्यंत पोचतोय ना?" "पोचतोय की, पंख्यापर्यंत जातो." हे संभाषण सकाळी दहाचं. दुपारी दोनला तोच झाडू माळ्यावर ठेवायचा असतो. "मीट की तो." "मिटत नाहीये." "गेल्या वर्षी मिटला होता ना?" "गेल्या वर्षी आपण याला असाच गॅलरीत ठेवला होता." आणि आता जरा मान वळवून इतर गोष्टींकडे बघा. सत्काराच्या सभेत वक्ता 'मी आपला फार वेळ घेणार नाही' म्हणतो, तेव्हा तो पहिली नळी ओढत असतो. 'थोडक्यात सांगतो' ही दुसरी. 'जाता जाता एकच मुद्दा' ही तिसरी, आणि तिथे तो जाम होतो. अध्यक्ष चिठ्ठी पाठवतात, म्हणजे एक जण सुलटं पिळतो. लोक टाळ्या वाजवतात, म्हणजे दुसरे उलटं पिळतात. वक्त्याला दोन्हीतून एकच अर्थ लागतो की रंग भरतोय. लग्नाच्या मांडवाचं तसंच. तो चार दिवस आधी उत्साहात पडतो आणि चार दिवसांनी मांडववाल्याच्या फोनवरच सोडवला जातो. पोथीच्या पारायणाला वर्गणी गोळा करायला पंचवीस जण असतात, सतरंज्या गोळा करायला दोन, आणि ते दोघं दरवर्षी तेच असतात. विनोदी लेख लिहिणारेही याला अपवाद नाहीत. उदाहरणांची नळी बाहेर ओढत जाताना आमच्या हाताला जो हुरूप येतो, तो संपादकांच्या पानसंख्येची खूण ओलांडेपर्यंत टिकतो. ती खूण काठीवरही असते, बरं का. नळीवर एक रेघ आणि 'थांबा' अशा अर्थाची अक्षरं. याच्या पुढे ओढलीत तर आतली पकड तोकडी पडेल, काठी मोडेल, असं ती सांगते. ती रेघ आपण सगळ्यांत शेवटी वाचतो, काठीचे दोन तुकडे दोन हातांत घेऊन.

यावर उपाय आहे, आणि तो डोंगरात फिरणाऱ्या जुन्या माणसांना माहीत असतो. जाम झालेली काठी आत ढकलायची नाही. ढकलली की पाचर अजून घट्ट बसते. काठी हलक्या हाताने बाहेर ओढायची, जशी काही आपण ती आणखी लांबच करतोय, आणि ओढता ओढता सोडवायच्या दिशेने पिळायची. आतली बोंडी त्या ताणाने पकड सोडते आणि मग नळी निमूट आत जाते. आवरायचं असेल तर आधी थोडं वाढवावं लागतं. आपल्याकडे पाहुणे याच तत्त्वावर घरी जातात. 'निघतो' म्हटल्यावर जो यजमान "बरं, या" म्हणून दार उघडतो, त्याच्याकडचा पाहुणा चपला घालून दारात पाऊण तास बोलतो. जो "बसा हो, अर्धा कप चहा होऊन जाऊ दे" म्हणतो, त्याच्याकडचा चहा पिऊन खरोखर जातो, आणि तरी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बोलघेवड्या वक्त्यालाही हाच इलाज लागू पडत असावा. चिठ्ठी पाठवण्याऐवजी अध्यक्षांनी "अजून दहा मिनिटं बोला" म्हणून बघावं. आपल्याला आग्रह होतोय हे लक्षात येताच माणूस घाबरतो आणि पकड सोडतो.

पण हा उपाय सांगितला म्हणून तो कोणी करेल अशी माझी समजूत नाही. ओढून सोडवायला धीर लागतो, आणि धीर असता तर लोक कळसूबाईवरून खाली यायची घाई कशाला करते? जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेरच्या सगळ्या सरकत्या काठ्यांचं शेवटी एकच होतं. दोन पावसाळे गेले की काठी आपल्या मनाने एक लांबी पसंत करते आणि त्या लांबीवर कायमची थांबते. मग घरातली आजी तिला दाराआडून बाहेर काढते, मुठीवरचा पट्टा कापून त्याने पिठाच्या डब्याचं झाकण बांधते आणि काठीच्या टोकाने छताजवळच्या दांडीवर ओलं धोतर सफाईने पसरते. जर्मन, जपानी आणि अमेरिकन डोकी शंभर वर्षं राबली ती बांबू मिटावा म्हणून. बांबूने घाई केली नाही. "ही कुठून आणली गं? चांगली आहे की," शेजारीण विचारते. "नातवाची आहे. मिटायची म्हणे पूर्वी."